शॉक बदलले, पाटे तेच : १९९१ च्या कॉर्व्हेटमधून एफएक्स-३ काढताना

गाडी शेव्हर्ले कॉर्व्हेट, चौथ्या पिढीतली, म्हणजे सी-४. मॉडेल १९९१, कूपे. इंजिन ५.७ लिटरचं एल-९८, २४५ अश्वशक्ती. गिअरबॉक्स झेडएफ या कंपनीचा, सहा गिअरचा, हाताने टाकायचा. कारखान्यातूनच 'एफएक्स-३' हा पर्याय बसवून आलेली, म्हणजे चारही शॉक (धक्के शमवणारे शॉक ॲब्सॉर्बर) विजेवर कमीजास्त कडक होणारे. मालक मूळचे पुण्याचे, मिशिगनमध्ये वाहनउद्योगात नोकरी करून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो.

तक्रार अशी होती : डॅशबोर्डवरचा 'सर्व्हिस राइड कंट्रोल' दिवा कायम पेटलेला. मागचं उजवं चाक खड्ड्यात गेलं की त्या बाजूचा धक्का थेट पाठीत बसतो, डाव्या बाजूला तसं होत नाही. गिअरच्या दांड्याजवळचं बटण 'टूर'वर ठेवा नाहीतर 'परफॉर्मन्स'वर, गाडीत फरक कळत नाही. पुढच्या दोन्ही शॉकच्या अंगावर तेल ओघळलेलं.

काकांचा प्रश्न सरळ होता. "अरे, ही सगळी इलेक्ट्रॉनिक भानगड काढून साधे शॉक टाकले तर गाडीचं काही बिघडेल का?"

बिघडत नाही, पण एक गोष्ट आधी नीट समजून घ्यावी लागते. एफएक्स-३ काढणं म्हणजे शॉकच्या डोक्यावरच्या चार छोट्या मोटरी काढणं एवढंच नव्हे. गाडीचे पाटे, म्हणजे तिचं वजन पेलणारे पट्टीसारखे स्प्रिंग, किती कडक ठेवायचे हे ठरवताना त्या मोटरी असणार हे गृहीत धरलेलं होतं. मोटरी गेल्या, गृहीतक गेलं, पण पाटे मात्र जागेवर राहतात. म्हणून नवा शॉक निवडताना बघायचं ते राहिलेल्या पाट्याकडे.

ही यंत्रणा आली कुठून

सी-४ कॉर्व्हेट १९८४ चं मॉडेल म्हणून बाजारात आली. तिचं सस्पेन्शन त्या काळी वेगळंच होतं. पुढे एक आणि मागे एक असे दोन आडवे पाटे, आणि तेही पोलादाचे नाहीत तर काचतंतू आणि रेझिनचे. त्याआधीच, १९८१ मध्ये, कॉर्व्हेटच्या काही गाड्यांना मागचा असा पाटा बसवला होता. त्याचं वजन जेमतेम साडेतीन-चार किलो. जुना पोलादी पाटा वीस किलोच्या आसपास भरायचा. शिवाय एकच पाटा डावीकडून उजवीकडे जात असल्यामुळे गाडी वळणावर कलताना तो थोडाफार अँटी-रोल बारसारखा, म्हणजे कल कमी करणाऱ्या दांड्यासारखाही काम करतो.

पण १९८४ च्या गाडीत 'झेड-५१' हा कडक सस्पेन्शनचा पर्याय घेतला तर ती इतकी खणखणीत आपटायची की त्याची चर्चा आजही होते. पुढच्याच वर्षी स्प्रिंग मऊ करावे लागले. डेव्ह मॅक्लेलन हे तेव्हा कॉर्व्हेटचे मुख्य अभियंता होते. त्यांच्या चमूपुढचं कोडं उघड होतं. ट्रॅकवर जी गाडी टायरची पकड शेवटच्या थेंबापर्यंत वापरते, तीच गाडी सोमवारी सकाळी कामावर जाताना माणसाला सोसवली पाहिजे. एकाच ठरावीक शॉकमध्ये हे दोन्ही बसत नाही.

१९८९ मध्ये त्यावर उत्तर म्हणून एफएक्स-३ आलं. शॉक बिल्स्टाइन या जर्मन कंपनीचे. हीच ती कंपनी जिने १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझसाठी वायूच्या दाबाचा एकनळी शॉक उत्पादनात आणला. पर्यायाची किंमत १,६९५ डॉलर. त्या वर्षी कूपेची मूळ किंमत ३१,५४५ डॉलर होती, म्हणजे सव्वापाच टक्क्यांहून जास्त पैसे फक्त शॉकच्या हुशारीसाठी मोजायचे. लोकांनी मोजले. १९९० ची झेडआर-१, म्हणजे कॉर्व्हेटचीच जास्त ताकदीची आवृत्ती, आली तेव्हा तिच्यात तर हे मुळातच बसवलेलं होतं.

आत काय घडतं

स्प्रिंग गाडीचं वजन पेलतो. शॉकचं काम वेगळं : स्प्रिंग एकदा दबला की झोपाळ्यासारखा झुलत राहील, ते झुलणं थांबवायचं. एकनळी शॉकमध्ये पिस्टन तेलातून वरखाली जातो. पिस्टनला भोकं असतात आणि त्यांवर पातळ पोलादी चकत्यांच्या थप्प्या. तेल त्या चकत्या वाकवून वाट काढतं आणि त्या झगड्यात हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते.

एफएक्स-३ च्या शॉकचा पिस्टन रॉड पोकळ असतो. त्याच्या आत एक बारीक दांडी, आणि तिच्या खालच्या टोकाला तेलासाठी आडवाट उघडझाप करणारी झडप. शॉकच्या डोक्यावर छोटी मोटर आणि दातेरी चाकांचा संच असलेली डबी बसते. तिला ॲक्चुएटर म्हणतात. मोटर दांडी फिरवते. आडवाट उघडली की तेल चकत्यांना बगल देऊन जातं आणि शॉक मऊ लागतो. बंद झाली की सगळं तेल चकत्यांतूनच जातं आणि शॉक कडक होतो.

चालकाच्या हातात तीन स्थिती : टूर, स्पोर्ट, परफॉर्मन्स. प्रत्येक स्थितीत आणखी सहा पायऱ्या, आणि त्या चढण्या-उतरण्याचं काम संगणक गाडीच्या वेगानुसार करतो. वेग वाढला की शॉक थोडा आवळायचा, उतरला की सैल करायचा.

इथे थोडं थांबायला हवं, कारण निर्णयाचा अर्धा भाग यावर उभा आहे. एफएक्स-३ ला रस्ता दिसत नाही. चाक किती वर गेलं, खड्डा आला की उंचवटा, हे सांगणारा एकही सेन्सर चाकाजवळ नाही. तिला दोनच गोष्टी कळतात : वेग आणि बटणाची स्थिती. चाकाची हालचाल मोजून शॉक क्षणोक्षणी बदलणारी एफ-४५ ही यंत्रणा कॉर्व्हेटमध्ये १९९६ ला आली, आणि चुंबकीय द्रवाचे शॉक २००३ मध्ये. आजच्या गाडीतलं असं सस्पेन्शन काढून टाकायचं म्हटलं तर मी ठाम नको म्हणेन, कारण तिथे संगणक प्रत्येक खड्ड्याला वेगळं उत्तर देत असतो आणि तेवढं उत्तर कुठलाही साधा शॉक देऊ शकत नाही. १९९१ च्या गाडीत प्रकरण तसं नाही. तिथे शॉक बहुतेक वेळ एका पायरीवरच बसलेला असतो. ती पायरी नीट शोधली तर गमावण्यासारखं फार थोडं उरतं.

बिघाड कुठे होता

आधी निदान. हे मुद्दाम लिहितो, कारण दिवा पेटला म्हणून थेट शॉकची ऑर्डर देणारे पुष्कळ भेटतात.

सी-४ चं बॉनेट पुढच्या बाजूला उघडणारं, फेंडरसकट उचललं जाणारं आहे. ते उघडलं की पुढची दोन्ही चाकं, त्यांना धरणारे आर्म, शॉकची डोकी सगळं समोर येतं. गाडीची तपासणी करणाऱ्या माणसासाठी इतकी उघडीवाघडी रचना फार कमी गाड्यांत सापडेल. किल्ली चालू करून एकाने बटण फिरवलं आणि दुसऱ्याने शॉकच्या डोक्याला हात लावला. पुढचे दोन्ही ॲक्चुएटर घरघरले आणि दांडी फिरली. मागचा डावाही चालला. मागच्या उजव्यात मोटरचा आवाज येत होता पण दांडी जागची हलत नव्हती. डबी उघडल्यावर प्लॅस्टिकच्या दातेरी चाकाला तडा गेलेला दिसला. मोटर फिरते, चाक घसरतं.

एवढ्यावरून बाकी लक्षणं जुळली. ॲक्चुएटरच्या आत, दांडी कुठल्या स्थितीत आहे हे संगणकाला कळवणारा संपर्क असतो. दिलेला हुकूम आणि आलेलं उत्तर जुळत नाही म्हणून संगणक दिवा लावतो. झडप मात्र जिथे अडकली तिथेच राहते. या गाडीत ती बंद स्थितीच्या जवळ अडकली होती, म्हणून ते एक चाक कायम कडक.

तीस वर्षांहून जुन्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या आणि हिवाळ्यात मिठाच्या पाण्याने भिजणाऱ्या प्लॅस्टिकला तडा जाणं हा वयाचा भाग आहे. त्यासाठी बनवणाऱ्यांना बोल लावायचं कारण नाही. पुढच्या शॉकचं तेल गळणंही तसंच, सील थकलेलं. पण मधल्या काळात कुठल्यातरी गॅरेजने मागच्या वायरिंगची एक जोडणी कापून, पिळून, टेप गुंडाळून ठेवली होती. त्या टेपखाली तांबं हिरवं पडलं होतं. तो भाग स्वच्छ करून नीट जोडला आणि पुन्हा तपासलं, तरी मागचा उजवा हलला नाही. म्हणजे दोष वायरीत नव्हता, दातेरी चाकातच होता. ही खात्री झाल्याशिवाय पुढे जायचं नाही हे आम्ही ठरवलंच होतं.

पाट्यांचं काय

आता मूळ मुद्दा.

स्प्रिंग आणि शॉक यांचं नातं एका साध्या सूत्रात आहे. झुलणं नेमकं थोपवायला लागणारं डॅम्पिंग, म्हणजे शॉकचा अटकाव, हे स्प्रिंगचा कडकपणा गुणिले वस्तुमान याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे वजन तेच ठेवून स्प्रिंग ४४ टक्के कडक केला, तर त्याच स्वभावाची गाडी मिळायला शॉक २० टक्के कडक लागतो. उलट बाजूनेही तेच. आरामाच्या गाडीत प्रत्यक्ष डॅम्पिंग या नेमक्या पातळीच्या पाव ते एक तृतीयांश इतकं ठेवतात. खेळकर गाडीत अर्ध्यापर्यंत किंवा त्याच्या थोडं वर नेतात.

एफएक्स-३ ची खुबी अशी की शॉकची मर्यादा दोन्ही बाजूंना ताणता येत असल्यामुळे स्प्रिंग मऊ ठेवणं परवडतं. १९८९ आणि १९९० मध्ये झेड-५१ सोबत एफएक्स-३ घेतलं तर झेड-५१ चे काही कडक भाग न देता साध्या गाडीचे मऊ भाग दिले जात, म्हणजे बटणाने मऊपासून कडकपर्यंतचा सगळा पल्ला मिळावा. १९९१ मध्ये झेड-५१ च्या जागी झेड-०७ आलं. त्यात एफएक्स-३ आहेच, पण सगळे भाग कडक. त्यामुळे बटणाचा पल्ला कडकपासून अतिकडकपर्यंत. ते ज्यांना शर्यतीत उतरायचं आहे त्यांच्यासाठी.

म्हणून त्याच वर्षाची, त्याच रंगाची, 'एफएक्स-३ असलेली' दोन कॉर्व्हेट शेजारी उभ्या केल्या तरी त्यांना एकच शॉक चालेल असं नाही. कारखान्याने कोणकोणते पर्याय बसवले याचं लेबल सी-४ मध्ये आतल्या एका झाकणाच्या खालच्या बाजूला चिकटवलेलं असतं. काकांच्या गाडीत ते शाबूत होतं. एफएक्स-३ होतं, झेड-०७ नव्हतं. म्हणजे पाटे साधे, मऊ.

इथे लोक चुकीचं वळण घेतात. स्पोर्ट्‌स गाडी आहे, जुने शॉक भारी होते, मग नवेही सगळ्यात कडक घ्या. मऊ पाट्यावर अतिकडक शॉक बसवला तर पहिल्या उंचवट्यावर चाक वर जातं आणि परत खाली यायला त्याला वेळ मिळत नाही, कारण शॉक स्प्रिंगला मोकळं होऊ देत नाही. दुसरा उंचवटा येतो, चाक आणखी वर. तिसरा, आणखी. खराब रस्त्यावर गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरी बंपस्टॉपवर आपटते. चालकाला वाटतं स्प्रिंग कडक आहे. खरं तर स्प्रिंगला काम करायची संधीच मिळालेली नसते. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यात पाणी मुरतं, गोठतं, वितळतं आणि वसंत आला की डांबराच्या खपल्या निघतात. अशा रस्त्यांवर हा दोष रोज जाणवेल. काकांचं मागचं उजवं चाक नेमकं याच अवस्थेत होतं. चारही चाकं तशी करून घेण्यात काय हशील?

पर्याय मांडून बघितले

दुरुस्ती हा पहिला. एफएक्स-३ चे शॉक उघडून नवं सील, नवं तेल भरून देणारे आणि ॲक्चुएटर दुरुस्त करणारे लोक अमेरिकेत आहेत. गाडी मूळ रूपात ठेवायची असेल, प्रदर्शनात परीक्षकांसमोर उभी करायची असेल, तर दुसरा विचारच करू नये. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी १९७४ पासून मूळपणा बारकाईने तपासत आली आहे, आणि अशा परीक्षणात बदललेले शॉक लपत नाहीत. झेडआर-१ असती तर मी काकांना हाच मार्ग घ्या म्हटलं असतं, कितीही खर्च होवो. त्या गाडीच्या ओळखीचाच तो भाग आहे.

दुसरा पर्याय, ॲक्चुएटर काढून चारही शॉकच्या दांड्या हाताने एकाच मध्यम स्थितीत फिरवून ठेवणे. पैसे लागत नाहीत. शॉक निरोगी असतील तर तात्पुरता उपाय म्हणून उत्तम. मी तो अनेकांना सुचवतो. इथे पुढचे शॉक गळत होते, म्हणून निरुपयोगी.

तिसरा, आडवे पाटेच काढून शॉकभोवती गुंडाळी स्प्रिंग बसवणारे संच. दिसायला देखणे, उंची हवी तशी करता येते. पण सी-४ चं वजन पाट्यांवर असतं; शॉकच्या वरच्या टोकाला फक्त डॅम्पिंगचा जोर सोसायचा असतो. त्या जागेवर गाडीचा सगळा भार टाकायचा तर ती जागा तो भार पेलते का याचा हिशेब आधी करायला हवा. रविवारी कुटुंबासोबत फिरायला आणि ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला जाणाऱ्या गाडीसाठी हा उपद्व्याप कशाला?

चौथा, साध्या पाट्यांना जुळणारे, एकाच ठरावीक कडकपणाचे वायूदाबाचे एकनळी शॉक. आम्ही हा घेतला.

पाचवा म्हणजे हाताने फिरवून कडकपणा बदलता येणारे शॉक. काकांना तो मोहात पाडत होता. मी विचारलं, "काका, बटण चालत होतं तेव्हा तुम्ही किती वेळा फिरवायचात?" ते म्हणाले, "घेतली तेव्हा फिरवायचो. मग टूरवरच ठेवली." मग आणखी पैसे घालून चाकाजवळ वाकून फिरवायचं बटण कशाला घ्यायचं?

प्रत्यक्ष काम

या गाडीत एक मोठी सोय आहे. ज्या गाड्यांना मॅकफर्सन स्ट्रट असतो तिथे शॉक हाच चाकाला उभा धरणारा खांब असतो. तो काढला की स्प्रिंग आवळायचं अवजार लागतं, आणि परत बसवल्यावर चाकांची अलाइनमेंट करावीच लागते. सी-४ मध्ये शॉक फक्त शॉक आहे. चाकाची जागा आर्म आणि लिंक ठरवतात, भार पाटा घेतो. शॉक काढला-घातला तरी अलाइनमेंट हलत नाही आणि स्प्रिंगच्या अवजाराची गरज नाही.

पण म्हणून गाडी उचलून सरळ नट सोडायचा नाही. चाक लोंबकळत असतानाही पाटा पूर्ण सैल झालेला नसतो. तो आर्मला खाली ढकलतच असतो, आणि तिथे त्याला अडवून धरणारा शॉकच असतो. म्हणून गाडी स्टँडवर भक्कम उभी केली, आणि ज्या चाकाचं काम चालू आहे त्याच्या खालच्या आर्मला, मागे नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला), दुसरा जॅक लावून भार घेतल्यावरच शॉक सोडला. हे टाळलं तर आर्म झटक्यात खाली येतो, आणि तिथे हात असला तर त्याचं काही खरं नाही.

सुरुवातीला चारही कोपऱ्यांची उंची सपाट फरशीवर मोजून लिहून ठेवली. एकनळी शॉकमध्ये वायूचा दाब रॉडला सतत बाहेर ढकलत असतो, त्यामुळे नवे शॉक घातल्यावर गाडी किंचित उचलली जाते. आधीचं माप नसेल तर ही वाढ कशामुळे झाली ते नंतर सांगता येत नाही.

पुढचे शॉक पटकन निघाले. मागचे नाही. मागच्या शॉकचं वरचं टोक चॅसिसच्या कोपऱ्यात, हात जेमतेम पोचतो, आणि तिथला गंज मिठाने पोसलेला. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं तरी नटाने दम काढायला लावला. अशा वेळी लांब पान्याने जोर लावण्यापेक्षा थोडं आवळून मग सोडायचं, पुन्हा तेल, पुन्हा आवळून सोडायचं, बोल्ट वाचतो. एफएक्स-३ च्या शॉकची वरची बांधणी ॲक्चुएटरसाठी बनलेली असते. त्यामुळे साधे शॉक मागवताना वरचे रबर बुश, वायसर आणि नट साध्या गाडीचे वेगळे मागवले होते. जुनं सामान जुळेल अशा भरवशावर गाडी स्टँडवर अडकवून ठेवू नये.

रबरी बुश असलेले बोल्ट गाडी हवेत असताना फक्त अंगाला लावून ठेवले. शेवटचं आवळणं चाकांवर भार आल्यानंतर, कारखान्याच्या सर्व्हिस पुस्तकातल्या मापाने, टॉर्क पान्याने. लोंबकळत्या स्थितीत आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं.

जुने गळके शॉकही फेकले नाहीत आणि उघडूनही बघितले नाहीत. आत वायू दाबाखाली असतो. कुतूहलापोटी त्याला ड्रिल लावणं जिवावर बेतू शकतं.

वायरिंग आणि तो दिवा

यांत्रिक काम एखाद्या शनिवारात होतं. गाडीचं भलं किंवा वाटोळं वायरिंगमध्ये ठरतं.

एकही वायर कापायची नाही, हा आमचा नियम होता. १९९० पासून या गाडीत चालकाची एअरबॅग आहे, म्हणून आधी बॅटरीची ऋण तार सोडली. ॲक्चुएटरचे चारही कनेक्टर सोडून स्वच्छ केले, आत पाणी न धरणारं ग्रीस भरलं, टोप्या बसवल्या आणि एक्झॉस्टच्या उष्णतेपासून व मागच्या फिरत्या शाफ्टपासून दूर बांधून ठेवले. चालकाच्या सीटमागच्या कप्प्यात बसणारं नियंत्रक युनिट जागेवरच ठेवलं, फक्त त्याचा कनेक्टर सोडला. त्याला वीज मिळत राहिली असती तर चारही ॲक्चुएटर हरवल्याची तक्रार ते अखंड करत बसलं असतं.

दिव्याबद्दल माझं मत ठाम आहे. जी यंत्रणा गाडीत नाही तिचा इशारा पेटत ठेवणं वाईट, कारण चालकाला पेटलेल्या दिव्याकडे दुर्लक्ष करायची सवय लागते. या गाडीत त्याच पट्टीवर एबीएसचा दिवा आहे. १९८६ पासूनच कॉर्व्हेटला बॉशचं एबीएस येत होतं. उद्या तो पेटला आणि शेजारच्या दिव्याच्या सवयीने नजर त्यावरून घसरली तर? म्हणून 'सर्व्हिस राइड कंट्रोल' या एकाच दिव्याचा बल्ब काढला, आणि बाकीचे सगळे दिवे किल्ली फिरवल्यावर पेटून विझतात याची खात्री केली. पूर्ण पट्टीच गप्प करणारे उपाय लोक सुचवतात. ते मी कुणालाही करू देणार नाही.

गिअरच्या दांड्याजवळचं बटण तिथेच आहे. ते काढलं तर कन्सोलला भोक पडतं. त्याऐवजी मालकाच्या पुस्तिकेत एक कागद ठेवला : कोणत्या तारखेला काय काढलं, कुठला कनेक्टर कुठे बांधला आहे, बल्ब कुठला काढला, नवे शॉक कोणते. ॲक्चुएटर, जुने शॉक, त्यांचे नट आणि वायसर चार कोपऱ्यांच्या नावांनी वेगळ्या पिशव्यांत भरून एका खोक्यात. पुढच्या मालकाला एफएक्स-३ परत हवं असेल तर त्याला गाडीत काहीही नव्याने कापावं-जोडावं लागणार नाही.

रस्त्यावर

उंची चारही कोपऱ्यांत आधीपेक्षा किंचित वाढली, डावीउजवीकडे सारखी. अपेक्षित होतं तेवढंच.

तुटक्या डांबरावर फरक लगेच कळला. मागची उजवी बाजू आता डाव्यासारखी वागते. उंचवट्यावरून गेल्यावर गाडी एकदा उठते, बसते आणि शांत होते. वळणावर कल थोडा जास्त वाटतो. शॉक कल किती होईल ते ठरवत नाही, किती वेगाने होईल ते ठरवतो. मऊ पाट्यांवर जुना कडक शॉक तो कल उशिरा येऊ द्यायचा, म्हणून गाडी जास्त घट्ट भासायची. स्टिअरिंग झटकन दोन्ही बाजूंना फिरवलं की हा फरक जाणवतो, लांब वळणावर नाही.

एक गोष्ट मात्र गेली, आणि ती काकांना आधीच सांगितली होती. महामार्गावर वेग चढत जाताना यंत्रणा शॉक आपोआप आवळत नेई आणि गाडी रस्त्याला चिकटत चालल्यासारखी वाटे. आता मोठ्या वेगात पुलाच्या सांध्यावरून जाताना नाक आधीपेक्षा थोडं जास्त हलतं. गाडी अस्थिर होत नाही, पण १९९१ मध्ये ज्यांनी त्या सुखासाठी १,६९५ डॉलर दिले त्यांना काय मिळत होतं ते तिथे समजतं. काकांनी दोनदा तो पूल ओलांडून बघितला आणि म्हणाले, "एवढं चालेल."

खडबडीत रस्त्यावर कमी वेगात पुढून एक हलका खटखट आवाज अजून येतो. आधी तो शॉकच्या आवाजात दडला होता. शॉक नवे, वरचे बुश नवे, नट मापाने आवळलेले. तेव्हा संशय अँटी-रोल बारच्या टोकाच्या लिंकवर आणि आर्मच्या मूळ रबरी बुशवर आहे. ती रबरं गाडीइतकीच जुनी आहेत. पुढच्या खेपेला एक एक लिंक सोडून गाडी चालवून बघायची आणि आवाज कुठे थांबतो ते शोधायचं ठरलं आहे. टायर २७५/४० चे, १७ इंची, तेही घातल्या तारखेवरून म्हातारे झालेत. ते बदलेपर्यंत शॉकच्या कडकपणाबद्दल याहून बारीक काही बोलणं योग्य होणार नाही, कारण कडक पडलेल्या टायरचा धक्काही शॉकच्याच नावावर जमा होतो.